शेरखानची चाल

कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात पेंढा भरलेले वाघ आहेत. गावोगावच्या शाळांच्या सहली तिथं येतात, पोरं रांगेनं पुढं सरकतात आणि वाघापाशी आली की रांग मोडते. पट्टे आहेत, मिशा आहेत, उघडा जबडा आहे, जबड्यात सुळे आहेत. सगळं जागच्या जागी. तरीही थोड्या वेळानं एखादं पोर वाघाच्या वतीनं स्वतःच गुरगुरतं. समोर जे उभं आहे त्यात काहीतरी कमी आहे, हे त्याला कुणी न सांगता कळलेलं असतं.

१९९३ साली रविवारच्या सकाळी दूरदर्शनवर एक वाघ बोलू लागला. त्याला ना हाड होतं ना कातडं. तो नुसता रेषांचा आणि रंगांचा. तो हिंदीत बोलत होता, पण मंगळवार पेठेतल्या किंवा राजारामपुरीतल्या घरात टीव्हीसमोर मांडी घालून बसलेल्या पोरांना त्या हिंदीखालची मराठी बरोबर ऐकू येत होती. स्वयंपाकघरातून आई विचारायची, ‘नाना पाटेकर आहे का रे?’ तिला चित्र दिसत नव्हतं. तिला फक्त ऐकू येत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

या प्रस्तावनेचा विषय तो वाघ आणि त्याला बोलतं करणारा नट. विषय वरवर लहान वाटतो. नाना पाटेकरांच्या कारकिर्दीचा आढावा घेणारे लेख ‘अंकुश’, ‘परिंदा’, ‘प्रहार’, ‘क्रांतिवीर’, ‘नटसम्राट’ अशी स्थानकं घेत जातात आणि या वाघाचा, म्हणजे शेरखानचा, उल्लेख झालाच तर गमतीची माहिती म्हणून एका ओळीत उरकतात. नाटक आणि सिनेमातल्या अभिनयावर मराठीत भरभरून लिहिलं गेलं. डबिंगच्या बंद खोलीत, माइकसमोर, अंधारात उभं राहून केलेल्या अभिनयाकडे मात्र समीक्षेचं फारसं लक्ष गेलं नाही. म्हणून इथं त्या एका ओळीपाशी थांबायचं आहे.

मालिकेची हकिगत आधी सांगायला हवी. रडयार्ड किपलिंगचं ‘द जंगल बुक’ १८९४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या कथांवरून जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशन या संस्थेनं ५२ भागांची मालिका केली आणि ती तिकडं १९८९-९० मध्ये दाखवली गेली. भारतात ती हिंदी होऊन आली तेव्हा तिला गुलजारांनी लिहिलेलं आणि विशाल भारद्वाजांनी संगीत दिलेलं नवं शीर्षकगीत मिळालं, आणि शेरखानला मिळाला नाना पाटेकरांचा आवाज. म्हणजे मध्य भारतातल्या सिवनीच्या डोंगरात घडणारी गोष्ट, एका इंग्रज लेखकानं अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये बसून लिहिलेली, जपानी चित्रकारांनी रेखाटलेली, शेवटी मुरूड-जंजिऱ्यात जन्मलेल्या एका मराठी नटाच्या घशातून परत आपल्या मुलखात आली. किपलिंगच्या कथेत जी वैनगंगा वाहते ती आपल्याच भंडारा-गोंदियातून पुढं जाते.

आणखी एक योगायोग सांगण्यासारखा आहे. किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ चा, मुंबईतला. त्याचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत, आणि मुलगा त्याच आवारात जन्मला. नाना पाटेकरांचा जन्म १ जानेवारी १९५१ चा. नट होण्याआधी ते चित्रकलेचे विद्यार्थी होते आणि शिकले सर जे. जे. इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड आर्टमध्ये. शेरखान लिहिणारा ज्या आवारात जन्मला, तिथंच शेरखान बोलणारा पेन्सिल धरायला शिकला. या योगायोगातून काही सिद्ध होत नाही. पण एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: ज्याच्या हाताला रेषेची सवय आहे, त्याला चित्रातल्या वाघाचं वजन कुठल्या पायावर आहे हे इतरांपेक्षा लवकर दिसतं.

कोल्हापूरला चित्रकार आणि नट यांची ही जवळीक नवी नाही. बाबूराव पेंटर पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडं वळले, स्वतः कॅमेरा बनवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. ‘प्रभात’चे विष्णुपंत दामले आणि एस. फत्तेलाल हे त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. पडद्यावरचे देखणे नायक चंद्रकांत मांडरे हे तितकेच मन लावून काम करणारे चित्रकार होते. राजारामपुरीतल्या त्यांच्या कलासंग्रहालयात ते आजही पाहता येतं. पंचगंगेकाठी चित्र आणि अभिनय एका घरात नांदले. अ‍ॅनिमेशनमध्ये मात्र ते एकाच देहात येतात. चित्र एकाचं, आवाज दुसऱ्याचा, आणि पडद्यावर जीव एकच.

चरित्र अभिनेता या शब्दाबद्दल थोडं बोलायला हवं. नायकाला प्रेक्षक चेहऱ्यानं ओळखतो. चरित्र अभिनेत्याला तो एखाद्या खुणेनं ओळखतो: मान वाकडी करण्याची ढब, डोळा, खांद्यावरचा टॉवेल, आणि सगळ्यांत जास्त आवाज. निळू फुले आठवायला चेहरा लागत नाही. एक संथ, खर्जातला, जिभेवर घोळवलेला शब्द पुरतो. कोल्हापूरचे गणपत पाटील तमाशापटांत नाच्या म्हणून उभे राहिले की थिएटर हसायला लागायचं, आणि त्या आवाजाची, त्या लकबीची छाप इतकी पक्की बसली की वेगळ्या भूमिका त्यांच्या वाट्याला फार थोड्या आल्या. खूण नटाला मोठं करते आणि अडकवूनही ठेवते. वेगळा आवाज असलेल्या नटाच्या आयुष्यातला हा खरा पेच आहे. अ‍ॅनिमेशन त्याला या पेचातून वाट काढून देतं. तिथं प्रेक्षकासमोर नटाचा चेहराच नसतो, त्यामुळं आवाजाला नवा देह मिळतो, कधी अस्वलाचा, कधी सापाचा, कधी वाघाचा.

आता मुख्य मुद्दा. नाना पाटेकरांचा आवाज म्हणजे नेमकं काय? गणेशोत्सवाच्या मांडवात, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात, लग्नाच्या वरातीआधीच्या गप्पांत त्यांची नक्कल करणारा कुणीतरी असतोच. तो घसा खरखरीत करतो, दात आवळतो, हात हवेत फेकतो. लोक हसतात, टाळ्या वाजवतात, आणि तरीही नक्कल दोन वाक्यांनंतर विरते. कारण नक्कल करणारा पट्टी उचलतो. पाटेकरांचं बोलणं पट्टीत नाही, चालीत आहे.

दोन-तीन शब्द झरझर येतात. मग थांबा. हा थांबा विचार करण्याचा नसतो, दबा धरण्याचा असतो. समोरच्याला वाटतं वाक्य संपलं. तेवढ्यात उरलेले शब्द झेप घेतात आणि शेवटचा शब्द दाताखाली तुटतो. कधी याच्या उलट: वाक्य वरच्या आवाजात सुरू होतं आणि जिथं दुसरा नट ओरडला असता तिथं पाटेकर एकदम खाली उतरतात, जवळजवळ कुजबुजतात. ऐकणाऱ्याला पुढची पायरी कुठं आहे ते कळत नाही. भीती वाटते ती या न कळण्याची. मोठ्या आवाजाचा त्यात वाटा थोडाच.

किपलिंगच्या पुस्तकात शेरखान जन्मतः एका पायानं अधू आहे. त्याची आई त्याला ‘लंगडी’ म्हणते, आणि म्हणूनच तो रानातली चपळ शिकार सोडून गावातली गुरं मारतो, असं लांडगीण तुच्छतेनं सांगते. जंगलाचा राजा म्हणवणाऱ्या या वाघाच्या मुळाशी एक उणेपण आहे. त्याच्या साऱ्या दादागिरीखाली ते ठसठसत असतं. आता पाटेकरांच्या वाक्याची चाल पुन्हा ऐकावी: दोन पावलं, थांबा, झेप. एक पाय आखडत चालणारा, पण झेप न विसरलेला प्राणी असाच चालेल. मालिकेसाठी त्यांनी किपलिंग उघडून बसून हा विचार केला होता असा दावा इथं नाही. त्यांच्या बोलण्यात ही चाल आधीपासून होती आणि तिला तिचा वाघ मिळाला, एवढंच.

वाघ येण्याआधी या चालीला एक माणूस मिळाला होता. विधू विनोद चोप्रांच्या ‘परिंदा’त (१९८९) पाटेकरांनी अण्णा हा मुंबईतला टोळीप्रमुख उभा केला. बायको-मुलाला जाळलेला आणि त्यामुळं आगीला भयंकर घाबरणारा माणूस. ज्याच्यापुढं सगळे थरथरतात तो काडी पेटली तरी बिथरतो. या भूमिकेला सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चार वर्षांनी तोच नट शेरखान बोलला. आणि किपलिंगच्या जंगलातल्या सगळ्या प्राण्यांना, शेरखानलासुद्धा, ज्याची भीती आहे ते ‘लाल फूल’ म्हणजे आग. लांडग्यांत वाढलेला माणसाचा पोर मोगली गावातून निखाऱ्यांचं मडकं आणतो आणि सभेच्या खडकावर जळती फांदी वाघाच्या डोक्यावर हाणतो, तेव्हा तो दरारा राख होतो. अण्णा आणि शेरखान यांच्यात हे साम्य कुणी मुद्दाम जुळवलं असेल असं वाटत नाही. पण ज्यानं आगीला भिणारा क्रूर माणूस आतून उभा केला, त्याला आगीला भिणारा क्रूर वाघ परका राहिला नसणार. दोघांतही क्रौर्य आणि भय एकाच श्वासात आहेत. नुसत्या गर्जनेचा खलनायक करणं सोपं होतं. रविवारी सकाळी आठ वर्षांच्या पोराला जो वाघ ऐकू आला तो नुसता दुष्ट नव्हता; तो अपमान झालेला होता.

हे काम होतं कसं, ते सांगितल्याशिवाय त्याची अवघडता कळणार नाही. अमेरिकेत अ‍ॅनिमेशनपटाचे आवाज सहसा आधी ध्वनिमुद्रित होतात आणि मग त्या आवाजाच्या चढ-उतारावर चित्रकार तोंडं, डोळे, हातवारे काढतो. तिथं नट पुढं चालतो, चित्र मागून येतं. जपानमध्ये प्रथा बहुधा उलटी: चित्र आधी, आवाज नंतर. आणि परभाषेतल्या डबिंगमध्ये तर सगळंच ठरून गेलेलं असतं. वाघानं तोंड कधी उघडायचं, किती वेळ उघडं ठेवायचं, कधी मिटायचं, हे हजारो मैलांवर कुणीतरी काही वर्षांपूर्वी कागदावर पक्कं केलेलं असतं. कानात मूळ आवाज, समोर पडदा, हातात कागद, आणि दुसऱ्याच्या थांब्यांमध्ये आपले थांबे बसवायचे. ज्याचं सगळं सामर्थ्य थांब्यात आहे अशा नटाला ही बेडीच.

जपानी दूरचित्रवाणी मालिकांची एक काटकसर इथं उपयोगी पडते. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, पण या मालिकांत एकेक चित्र दोन-तीन चौकटी तसंच ठेवतात, आणि बोलताना तोंडाचे आकार बऱ्याचदा तीनच: बंद, अर्धवट उघडं, पूर्ण उघडं. अशा तोंडात कुठलीही भाषा बसवता येते, लांबी तेवढी जुळली पाहिजे. शिवाय जपानी शब्द बहुतेक स्वरान्त, आणि हिंदी-मराठी क्रियापदंही वाक्याच्या शेवटी येऊन स्वरावर संपतात. है, था, आहे, गेला. वाक्य संपताना वाघाचं तोंड उघडंच राहिलं तरी खटकत नाही. खरी कसरत ओठ मिटणाऱ्या अक्षरांची, प, फ, ब, भ, म यांची. डबिंगचं लेखन करणारा माणूस ही अक्षरं तोंड मिटण्याच्या क्षणाशी जुळवत बसलेला असतो, आणि हा कारागीर प्रेक्षकाला कधीच दिसत नाही. ‘मोगली’ हे नाव ओठ मिटूनच सुरू होतं. वाघाला ते नाव घेण्याआधी तोंड बंद करावं लागतं.

ज्या कोल्हापुरातून हे लिहिलं जात आहे तिथं आवाज आणि चित्र यांची सांगड पहिल्यांदा घालताना किती कष्ट पडले, हे आठवायला हवं. ‘प्रभात’ची स्थापना कोल्हापुरात १ जून १९२९ रोजी झाली. पहिले चित्रपट मूक होते. मग मार्च १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि सगळ्यांनाच बोलणं भाग पडलं. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट कोल्हापुरातच तयार झाला. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गा खोटे तारामती, आणि गंगानाथाच्या भूमिकेत बाबूराव पेंढारकर. चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला गेला, आणि तेव्हा आवाज मागाहून बदलण्याची सोय नव्हती. त्यामुळं तोच सेट, तोच पोशाख, तेच नट, आणि प्रत्येक प्रसंग दोनदा. मराठीत रडून झालं की पुन्हा हिंदीत रडायचं. ध्वनिमुद्रणाची बाजू दामल्यांनी सांभाळली. पडदे रंगवणाऱ्या हातांनी ध्वनियंत्र आपलंसं केलं. डबिंग म्हणजे काय हे समजायचं असेल तर ती दुहेरी मेहनत डोळ्यांसमोर आणावी. जे काम तेव्हा पूर्ण देहानं दोनदा करावं लागत होतं, त्यातला देह पुढं गळाला आणि आवाज एकटा राहिला.

‘प्रभात’नं १९३३ मध्ये कोल्हापूर सोडून पुणं गाठलं आणि पुढच्याच काळात तिथं ‘जंबू काका’ हा छोटा चित्रपट काढला. तो भारतातल्या आरंभीच्या व्यंगचलत्पटांपैकी एक. त्याआधी १९१५ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यापेटीतल्या काड्या एकेक चौकट करत हलवल्या होत्या. पण चित्रातल्या प्राण्याला आवाज देण्याची आपली रीत त्याहून कितीतरी जुनी. घाट उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीला गेलं की ठाकर समाजातले चित्रकथी भेटतात. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांच्या चित्रांची पोथी पुढ्यात उभी करायची, एकेक पान दाखवत जायचं, आणि राम, रावण, राक्षस, माकड, सगळ्यांचं बोलणं एकट्यानं बोलायचं. चित्र जागचं हलत नाही. हलवतो तो आवाज. पान उलटण्याआधीचा थांबा हीच त्या कलेची नस आहे. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्या मुलांनी डिस्नेच्या आधी पिंगुळी पाहावी असं मनापासून वाटतं. तिथंच कळतं की चित्र आणि आवाज यांच्यामध्ये एक मोकळी जागा असते आणि नट राहतो तो त्या जागेत.

डिस्नेनंही ही जागा ओळखली होती. १९६७ च्या त्यांच्या ‘जंगल बुक’मध्ये शेरखानला आवाज होता जॉर्ज सँडर्स यांचा: सुसंस्कृत, कंटाळलेला, सरदारी. पण त्या चित्रपटात ऐकण्यासारखा दुसरा आवाज आहे तो का या अजगराचा. तो स्टर्लिंग होलोवे यांचा. होलोवे (१९०५–१९९२) हे चरित्र अभिनेते; बारीक, किंचित घोगरा, पोरसवदा आवाज. ‘डम्बो’तला करकोचा, ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’मधलं चेशायर मांजर, आणि १९६६ पासून ‘विनी द पू’ हे मधाळ अस्वल, सगळं त्यांचंच. मुलांना झोपवायला ज्या आवाजाचा पू लावायचा, त्याच आवाजाचा अजगर वर्षभरानं मोगलीला भूल घालून गिळायला बघतो. आवाज तोच, पट्टी जवळपास तीच. बदलली ती चाल. पू शब्दागणिक अडखळतो, अजगर शब्द ओढत नेतो. १९९१ मध्ये डिस्नेनं त्यांना ‘डिस्ने लेजंड’ म्हणून गौरवलं. आवाजाच्या कामासाठी हा मान मिळालेले ते पहिले.

इकडं अमरीश पुरी यांनी युगो साको आणि राम मोहन यांच्या भारत-जपान ‘रामायण’पटाच्या हिंदी आवृत्तीत रावणाला आवाज दिला. पुरी आणि पाटेकर या दोन आवाजांतला फरक कोल्हापूरकराला वाद्यांच्या भाषेत सांगितला तर पटकन कळेल. पुरींचा आवाज नगारा आहे. तो दुरून येतो, भरून राहतो, त्याचा घुमारा टोल संपल्यावरही टिकतो. पाटेकरांचा आवाज हलगी आहे. खासबागेत कुस्ती रंगात आली की हलगी जशी कानाच्या पडद्याशी तडतडते तसा, कोरडा, जवळचा, उसंत न देणारा. आणि हलगी वाजवण्याआधी तिचं कातडं विस्तवावर शेकून ताणून घ्यावं लागतं. तसं न करता वाजवली तर ती बोलत नाही.

या आवाजाला लष्करी शिस्तीचाही एक ताण आहे. ‘प्रहार’ (१९९१) पाटेकरांनी स्वतः दिग्दर्शित केला आणि त्यातला मेजर चव्हाण स्वतः साकारला. मराठा लाइट इन्फन्ट्रीशी त्यांचं नातं त्या निमित्तानं जुळलं, आणि तिचं केंद्र कोल्हापूरपासून फार लांब नाही, बेळगावात. कवायतीच्या मैदानावरचा हुकूम ऐकलेला माणूस जाणतो की हुकमात दोन भाग असतात: आधी लांबवलेली सूचना, मग क्षणभर शांतता, मग तोडलेला शब्द. शेरखानच्या वाक्यांत तो सांगाडा सापडतो.

तेवीस वर्षांनी शेरखान परत आला. जॉन फॅवरोचा ‘द जंगल बुक’ भारतात ८ एप्रिल २०१६ रोजी, अमेरिकेच्या एक आठवडा आधी, प्रदर्शित झाला. संगणकानं घडवलेला वाघ इतका खरा की कातड्याखालचे स्नायू सरकताना दिसावेत. इंग्रजीत आवाज इद्रिस एल्बांचा. हिंदीत बघीरा हा बिबट्या ओम पुरी, बलू हे अस्वल इरफान, का प्रियांका चोप्रा, लांडगीण रक्षा शेफाली शाह, आणि शेरखान पुन्हा नाना पाटेकर. १९९३ ची पोरं तोवर आईबाप झाली होती. आपल्या मुलांना घेऊन ती थिएटरात गेली ती निम्मी या आवाजासाठीच.

त्या दोन शेरखानांत डावं-उजवं करायचं तर पारडं १९९३ कडे झुकतं, असं इथं स्पष्ट म्हणायला हवं. याचं कारण स्मरणरंजन नव्हे. जपानी मालिकेतला वाघ साध्या रेषांचा, तीन तोंडांचा. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटत नव्हतं ते सगळं आवाजाला करावं लागत होतं. २०१६ चा वाघ स्वतःच पुरता अभिनय करतो. त्याच्या गालावरचा भाजल्याचा व्रण, फुटका डोळा, मंद पावलं हेच इतकं बोलतात की आवाजानं थोडं मागं सरकावं लागतं. पाटेकर सरकलेही. बेचाळिसाव्या वर्षीचा शेरखान उतावीळ होता. पासष्टीचा शेरखान वाट बघू शकतो. आगीचा धागा मात्र इथंही आहे, आधीपेक्षा घट्ट: या चित्रपटात वाघाचा चेहरा जाळला आहे तो मोगलीच्या बापाच्या हातातल्या मशालीनं, आणि त्याचा शेवटही आगीतच होतो. ‘परिंदा’तल्या अण्णासारखाच.

त्याच वर्षी १ जानेवारीला महेश मांजरेकरांचा ‘नटसम्राट’ आला होता. कुसुमाग्रजांचे अप्पासाहेब बेलवलकर, डॉ. श्रीराम लागूंनी १९७० मध्ये रंगभूमीवर उभे केलेले, पाटेकरांनी पडद्यावर केले. रंगभूमी सुटलेला, घर सुटलेला, आवाज तेवढा उरलेला म्हातारा नट. तीन महिन्यांच्या अंतरानं एकाच माणसाचा आवाज मराठी घरांत दोन रूपांत घुमत होता: एकीकडं सगळं गमावलेला नट, दुसरीकडं जंगल बळकावू पाहणारा वाघ. त्याच्या दोन वर्षं आधी, २०१४ मध्ये, त्यांनी पडद्यावर डॉ. प्रकाश आमटे केले होते, हेमलकशात बिबट्यांना पोटच्या पोरांसारखं वाढवणारे. आधी रानातल्या जनावराचा पालक आणि मग जनावरच. चरित्र अभिनेत्याच्या आयुष्यात अशा उड्या सहज मावतात, कारण त्याला एक चेहरा जपायचा नसतो.

२०१६ च्या हिंदी आवृत्तीतले ओम पुरी पुढच्याच जानेवारीत गेले आणि इरफान २०२० च्या एप्रिलमध्ये. पंजाबी ठसक्यात मध मागणारा बलू आता ऐकताना घशात काहीतरी अडकतं.

आज आवाजाच्या या कामाला नाव मिळू लागलं आहे. ‘निंजा हातोडी’च्या हिंदी आवाजामागच्या मेघना एरंडे मराठी, ‘पुष्पा’चा हिंदी आवाज आणि २०१९ च्या हिंदी ‘लायन किंग’मधला टिमॉन श्रेयस तळपदे मराठी. पण हे सगळं हिंदीत. मराठीत पूर्ण लांबीचे अ‍ॅनिमेशनपट मोजकेच. २०१८ चा ‘प्रभो शिवाजी राजा’ हा त्यातला एक. कोल्हापुरात कलानिकेतन आणि दळवीज ही कलाविद्यालयं आहेत, संगणकावर अ‍ॅनिमेशन शिकणारी मुलं आहेत. नाट्यस्पर्धांत राबणारे, खणखणीत आवाजाचे नट आहेत. हे दोन घोळके एकाच शहरात असून एकमेकांना क्वचितच भेटतात. चित्र काढणाऱ्या पोरानं नटाला बोलावून, त्याचा श्वास ऐकून, मग वाघाचा जबडा काढायला घेतला तर काय होईल, हे अजून बघायचं राहिलं आहे. आणि बघायला हवं, कारण रांगडा, तोडून बोललेला, प्रेमातही दरडावणारा कोल्हापुरी उच्चार अजून एकाही मोठ्या चित्रातल्या प्राण्याच्या तोंडी आलेला नाही.

तोवर ऐकायची सुरुवात करायची असेल तर किपलिंगच्या पुस्तकातल्या पहिल्याच प्रसंगापासून करावी. मालिका मिळाली तर उत्तम, नाहीतर ते पान कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्यावं. रात्र आहे. लांडग्यांच्या गुहेत नागडं मानवी पोर पिल्लांना बाजूला सारत दुधाशी झोंबतं आहे. शेरखान माग काढत येतो आणि आपली शिकार मागतो. गुहेचं तोंड अरुंद. त्याचं भलंमोठं चौकोनी डोकं आणि खांदे त्यात अडकतात, पंजाला हलायला जागा उरत नाही. त्याला आत येता येत नाही, हे लांडग्याला माहीत आहे, लांडगिणीला माहीत आहे, आणि त्यालाही. धड बाहेर, पाय बाहेर, नखं बाहेर. गुहेत शिरला आहे तो फक्त त्याचा आवाज, आणि पोर दूध पिता पिता थांबून त्याच्याकडं बघतं आहे.